पट्टा बांधलेली रिकामी सीट

सोमवार, १० नोव्हेंबर

धाकटीस,

काल, रविवार, ९ नोव्हेंबर, संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी, तू मला जिवंतपणी पोचवलंस.

पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागात माझा जन्म गेला. लोकांच्या तक्रारी वाचून एक गोष्ट शिकले. जो माणूस पहिल्याच ओळीत तारीख आणि वेळ लिहितो, त्याच्या नळाला पाणी येतं. जो 'आपणांस माहीतच असेल की' असं सुरू करतो, तो बादली घेऊन बसतो. म्हणून वर तारीख आणि वेळ दिली आहे. 'प्रिय' दिलेलं नाही. विसरले नाही, गाळलं आहे.

आता घटना. ती तुझ्यासमोरच घडली, तरी लिहिते, कारण उद्या तू 'मला तसं म्हणायचं नव्हतं, ताई' असं म्हणशील. मोघम बोलणाऱ्यांसाठीच कागदाचा शोध लागला.

आपल्या लाकडी रोलर कोस्टरची, म्हणजे म्हातारीची, काल शेवटची फेरी होती. आजपासून तिचे लाकडी रूळ काढायला सुरुवात झाली असेल. चढउतार मंडळाची, म्हणजे आपली रोलर कोस्टरवेडी, सगळी माणसं टोप्या घालून आली होती. पहिल्या डब्यातली पहिली ओळ आपल्या दोघींसाठी राखून ठेवली होती. नटबोल्टने चिटणीस या नात्याने तशी घोषणाही केली. आणि मग गाडी सोडणाऱ्या त्या पोराने माझा वॉकर पाहिला.

"आजी, ऑपरेशन कधी झालं?"

"आजी तुमच्या घरी. आणि झालं मागे कधीतरी."

"वॉकरची रबरं अजून पांढरी आहेत," तो म्हणाला. "नाही बसता येणार."

गुडघ्यात नवं स्टील बसवलेल्या बाईने हुज्जत किती घालायची? मी कुंपणापाशी जाऊन उभी राहिले. मला वाटलं, आता तू वळशील. 'ताई नाही तर मी नाही' म्हणून रांगेतून बाहेर येशील. तू वळलीससुद्धा. आलीस आणि म्हणालीस, "ताई, शाल दे. वर वारा असतो."

मी शाल दिली. धाकट्या बहिणीला थंडी वाजेल म्हणून दिली.

तू डावीकडे बसलीस. उजवीकडच्या माझ्या जागेवर तू माझी शाल घडी घालून ठेवलीस आणि तिच्यावर पट्टा बांधलास.

त्या पट्ट्याचा अर्थ तुला माहीत नव्हता असं म्हणू नकोस. ती रीत आपण दोघींनी सुरू केली. आपल्या शाळेच्या मदरनी आपल्याला सहलीला नेऊन पहिल्यांदा म्हातारीत बसवलं. डोक्यावरचं कापड दातांत घट्ट धरून त्या आपल्या पुढच्या ओळीत बसल्या होत्या, आणि खाली उतरल्यावर म्हणाल्या होत्या, "मुलींनो, प्रार्थनेत लक्ष लागत नसेल तर इथे या." त्या गेल्या त्या वर्षी आपण त्यांची जागा रिकामी ठेवून पट्टा बांधला आणि एक फेरी तशीच जाऊ दिली. पुढे सगळ्या मंडळाने ती रीत उचलली. पट्टा बांधलेली रिकामी सीट म्हणजे गेलेल्या माणसाची सीट. ती समोरून जाताना टोप्या काढायच्या आणि गप्प उभं राहायचं.

काल सगळ्यांनी टोप्या काढल्या.

माझ्या पुढे उभी असलेली एक बाई कुजबुजली, "कोण गेलं हो?" दुसरी म्हणाली, "शाल तर ताईंची दिसते. अरेरे! ऑपरेशन होतं ना त्यांचं?" मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते. म्हटलं, "होतं. यशस्वी झालं." ती अशी किंचाळली की म्हातारीच्या शेवटच्या फेरीतली सगळ्यात मोठी किंकाळी गाडीतून आलीच नाही, कुंपणापाशी उमटली. नटबोल्टने टोपी काढली, मला पाहिलं, टोपी घातली, पुन्हा काढली आणि शेवटी हातात धरून विचारलं, "ताई, अशा वेळी नियम काय आहे?"

अशा वेळेसाठी नियम नाही. असा प्रसंग कोणी आणेल असं नियम करणाऱ्यांना वाटलं नव्हतं. नियम करणारी त्यातली एक तू होतीस.

गाडी हलली तेव्हा दांडीवरचा तुझा हात थरथरताना मी पाहिला. लाज वाटली असेल. वाटायलाच हवी होती.

मी टॅक्सी करून घरी आले. माझ्या घरी राहिलेली तुमची बॅग खाली वॉचमनकडे ठेवली होती. ती मिळाली असेलच. मेहुण्यांवर माझा राग नाही. ते नेहमीप्रमाणे खाली बाकावर सगळ्यांच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसले होते आणि नेहमीप्रमाणे त्यांना काहीच कळलं नाही.

मला खुलासा हवा आहे, लेखी. आणि माझी शाल.

ताई
(हयात)


३ डिसेंबर

धाकटीस,

तुझा आवाजी निरोप फोनवर येऊन पडला आहे. मी तो ऐकलेला नाही. पुसलेलाही नाही. माझ्या विभागात तोंडी खुलासा कधी चालला नाही, घरातही चालणार नाही. लिहायला काय हात मोडलाय?

गुडघा बरा आहे. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणते, "आजी, तुम्ही रागाने पाय उचलता, म्हणून लवकर सुधारतोय." तेव्हा त्याचं श्रेय तुला.

पडल्या पडल्या विचार केला आणि लक्षात आलं की याची सुरुवात नोव्हेंबरात झाली नाही, जुलैत झाली. वाचनालयाच्या वरच्या खोलीतली ती सभा. पार्कवाल्यांनी आपल्या मंडळाला विचारलं होतं, म्हातारीचं काय करायचं? दुरुस्त करून लाकडीच ठेवायची, सन्मानाने बंद करायची, की खांब ठेवून वरचे रूळ लोखंडी करायचे?

सभा आठवते ना? मागच्या बाकावरची तरुण मंडळी म्हणत होती, जुनं ते सोनं वगैरे ठीक आहे, पण जुन्याने मान आखडते. पलीकडच्या शहरातली ती नवी रोलर कोस्टर, ती सुई, बघा म्हणे कशी सुटते! मी म्हटलं, सुईला चढावच नाही. धक्का देतात आणि सोडतात. चढाव नाही म्हणजे साखळीची टकटक नाही, टकटक नाही म्हणजे वाट पाहणं नाही. नुसतंच पडायचं असेल तर माझ्या जिन्यावरून पडा, तिकीटही लागत नाही. सगळे हसले. तूही हसलीस.

मग नटबोल्टने आपली शंका काढली. पाडलेल्या प्रत्येक रोलर कोस्टरचा एक तरी नट किंवा बोल्ट खिशात घालून आणणाऱ्या माणसाच्या शंका त्याच आकाराच्या असतात. "समजा रूळ बदलले," तो म्हणाला, "तर मोजताना तिला नवी धरायची की जुनीच? आजवर किती रोलर कोस्टरमध्ये बसलो, त्या आपल्या प्रत्येकाच्या हिशेबात एक वाढणार की नाही?" त्यावर चहा दोनदा आला तरी वाद मिटला नाही. काही जण म्हणाले, बदललेली म्हणजे नवीच, एक वाढवा. काही म्हणाले, खांब तेच, चढाव तोच, मग जुनीच. मी म्हणाले, ती ना नवी ना जुनी, ती मेलेली. तिला या वयात कोलांटी मारायला लावणार आहात, त्यापेक्षा पाडा. त्या गोगलगाय नावाच्या रोलर कोस्टरसारखं करू नका, की बंद केली आणि तिचे डबे आता हॉटेलच्या अंगणात, पोरं त्यात बसून आइस्क्रीम खातात. पण निदान पाडा. म्हातारी थरथरते म्हणून तर म्हातारी आहे. रूळ लोण्यासारखे केले, थरथर काढून टाकली, तर बाकी काय उरलं?

आणि तू, माझ्याशेजारी बसून, हात वर केलास. लोखंडी रुळांच्या बाजूने. मी तुझ्याकडे पाहिलं तेव्हा तू म्हणालीस, "थरथर थांबवता येत असेल तर थांबवावी, ताई. ज्याची तो जाणे."

ज्याची तो जाणे! आयुष्यभर जिच्याबरोबर पहिल्या ओळीत बसलीस तिला हे सांगतेस? एक मत कमी पडलं असतं तरी निकाल बदलला नसता हे मला माहीत आहे. हा मतांचा प्रश्न नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

पत्राची पोच द्यावी.

ताई


११ फेब्रुवारी

धाकटीस,

तुझी मुलगी येऊन गेली. मी बोलावलं नव्हतं. हातात फळांची पिशवी, डोक्यावर ते पिवळं हेल्मेट, तसंच जिने चढून वर आली. म्हातारीचे रूळ बदलणाऱ्या कंपनीत माझीच भाची इंजिनिअर असावी, याला म्हणतात घर फिरलं की वासेही फिरतात.

"मावशी, चार महिने फिजिओथेरपी करतेस की भांडण करतेस?" आल्या आल्या तिचं सुरू.

"तीन महिने. आणि दोन्ही."

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते तुला बघून म्हणत असतील."

"सुंभ अजून जळलेला नाही. तुझ्या आईनेच घाईने काडी लावली."

यावर ती हसेल असं मला वाटलं होतं. हसली नाही. म्हणाली, "चल, तुला साइट दाखवते. चालायचा व्यायामही होईल."

मी व्यायामासाठी गेले, हे नोंदवून ठेव.

त्यांनी मलाही एक हेल्मेट दिलं. आतून म्हातारी तू कधी पाहिली नसशील. रूळ काढल्यावर ती एखाद्या मोठ्या माशाच्या काट्यासारखी दिसते. तुझी मुलगी एका खांबापाशी थांबली आणि लाकडी हातोड्याने त्याला वर, मध्ये, खाली ठोकलं. तिन्ही ठिकाणी आवाज सारखा आला. पुढच्या खांबाला ठोकलं तर मधला आवाज पोकळ. त्याच्यावर तिने लाल फुली मारली.

"किती फुल्या मारल्यास?"

"तुला वाटतं त्यापेक्षा खूप कमी. बहुतेक सगळे ठणठणीत आहेत, मावशी. बसलेत तसेच राहणार. आपण फक्त वरचं बदलतोय."

मी एका खांबाला हात लावून पाहिला. उन्हाने गरम झाला होता. त्यावरून मत बदललं असं समजू नकोस.

परत येताना ती चहाला थांबली. तिने सहज म्हणून विचारलं, "आईला फोन का करत नाहीस?" मी म्हटलं, मला लेखी हवं आहे. तिने कप विसळायला घेतला. मग म्हणाली, "काही गोष्टी लेखी जमत नाहीत गं माणसाला." न जमायला काय झालं? दोघींचं अक्षर एकाच मदरनी वळवलं. माझं खडूस आणि तुझं मोत्यासारखं. शाळेच्या फळ्यावरचा सुविचार कायम तूच लिहायचीस. मदर तर म्हणायच्या, धाकटीने शिवी लिहिली तरी चौकट करून भिंतीवर लावावीशी वाटेल. मग लिही शिवी. मी चौकट करून घेईन.

आणखी एक. तुझी मुलगी सांगत होती, हल्ली तू चहाचा कप दोन्ही हातांनी धरतेस. हे सिनेमातल्या बायकांचे चाळे कधीपासून?

शाल अजून आलेली नाही.

ताई


२४ मे

धाकटीस,

आता डॉक्टरांनी मला सगळं मोकळं केलं आहे. जिना, बस, आणि (विचारून घेतलं) रोलर कोस्टर. डॉक्टर म्हणाले, "या वयात कशाला?" मी म्हटलं, "मग कोणत्या वयात? लहानपणी उंची कमी पडते, तरुणपणी सुट्टी मिळत नाही."

काल मंडळाबरोबर सुईवर जाऊन आले. न बसता नावं ठेवणारी मी नव्हे. आधी बसले, आता नावं ठेवते.

डबे चकचकीत. प्रत्येकाला वेगळी दांडी, छातीवरून खाली येते आणि कुशीत घेतल्यासारखी बसते. तुला म्हातारीची दांडी आठवते ना, दोघींना मिळून एक? ती माझ्या पोटावर टेकली की थांबायची आणि तुझ्या मांडीपर्यंत पोचायचीच नाही. प्रत्येक उतारावर तू बाजूला हवेत, आणि मी एका हाताने दांडी आणि दुसऱ्या हाताने तुला धरून. "ताई, वजन कमी कर, मी उडून जाईन," असं तू दर वेळी ओरडायचीस. माझ्या मनात आलं, त्या शेवटच्या फेरीत शेजारी नुसती शाल होती. तेव्हा दांडी पहिल्यांदाच तुझ्या मांडीवर नीट बसली असेल.

असो. सुई सुटली. खरं सांगायचं तर सुंदर आहे. पोटातलं सगळं मागेच राहतं आणि आपण पुढे. लोण्यासारखी वळते, उलटी होते ते कळतसुद्धा नाही. पण संपते! शिंक यावी तशी संपते. टकटक नाही, वर पोचल्यावर गावाची छपरं दिसण्याचा तो एक श्वास नाही, 'आता नको, उतरवा' म्हणायला वेळ नाही. सुईला सगळं आहे, भीती वाटायची सवड तेवढी नाही.

आणि एक फजिती झाली. उलटं होताना मी शेजारी हात टाकला आणि घट्ट धरला. खाली उतरल्यावर नटबोल्ट म्हणाला, "ताई, हात सोडता का? मला टोपी घालायची आहे." मंडळाला वर्षभर पुरेल एवढं हसू मिळालं.

परतीच्या बसमध्ये त्यानेच सांगितलं की तू मंडळ सोडलंस. जानेवारीतच. फोनवर. तोंडी!

म्हणजे मला पट्ट्याने बांधून पोचवलंस आणि मग स्वतः निघून गेलीस. बरं, कारण काय दिलंस? "आता जमत नाही." काय जमत नाही? बसायला जमत नाही की माझ्याशेजारी बसायला जमत नाही? ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. माझं तोंड बघायचं नसेल तर तसं लिही. तक्रार विभागात मी त्याहून वाईट वाचलं आहे.

तोंडी राजीनामा ग्राह्य धरता येत नाही, असं मी नटबोल्टला सांगितलं आहे. तू अजून सभासद आहेस.

ताई


२३ ऑगस्ट

धाकटे,

आज सकाळी तुझी मुलगी आली होती. सप्टेंबरात म्हातारी पुन्हा सुरू होणार, पहिल्या गाडीतली पहिली ओळ मंडळाने आपल्यालाच दिली आहे, हे सांगायला. मी म्हटलं, "तुझ्या आईला विचार, बसणार आहे का, की या वेळी स्वतःची शाल बांधून पाठवते."

ती खुर्चीत बसली. हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं.

"मावशी, आई बसणार नाही. ती आता कशातच बसणार नाही. डॉक्टरांनी नको म्हटलंय."

"कसल्या डॉक्टरांनी?"

मग तिने सांगितलं. तुझ्या हाताबद्दल. आधी डावा, आता उजवाही. बटणं मेहुणे लावतात. कप दोन्ही हातांनी. सही करायची असली तर आधी हात मांडीखाली दाबून ठेवतेस आणि मग पटकन करतेस. औषध चालू आहे, हळूहळू वाढणार आहे, आणि म्हातारीच्या शेवटच्या फेरीच्या आदल्या मंगळवारी हे तुला कळलं होतं.

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुझ्या गुडघ्याची जखम ओली होती. आई म्हणाली, ताईला एका वेळी एकच काळजी द्यायची."

"आणि मग त्या गाडीत कशाला बसली?"

"तिलाही ती शेवटचीच होती ना, मावशी. म्हातारीची होती तशी तिचीही. ती म्हणाली, ताईशिवाय मी कधी बसलेच नाही, शेवटची तरी कशी बसू? म्हणून तुझी शाल मागितली. पट्टा बांधला नसता तर शाल पहिल्याच उतारावर उडून गेली असती."

मी तिला चहा विचारला नाही. ती स्वतःच करून प्याली, मलाही दिला.

ती गेल्यावर तुझा तो निरोप ऐकला. नोव्हेंबरपासून पडून होता. "ताई, मी आहे. रागावू नको ना. मी लिहिलंच असतं, पण..." एवढंच. मग काहीतरी काचेचं पडल्याचा आवाज, आणि लांबून मेहुणे म्हणतात, "असू दे, असू दे, मी पुसतो. पायाला लागलं नाही ना?" आणि संपलं.

माझी जुनी तक्रार मी मागे घेत नाही. टोप्या निघाल्या त्या निघाल्या. पण तिच्यावर आता एक नवी तक्रार आहे आणि ती मला नीट मांडता येत नाही, कारण पहिल्या ओळीत लिहायला माझ्याकडे काही नाही. तुझा हात पहिल्यांदा कधी थरथरला? कुठल्या दिवशी, किती वाजता, कशाला हात लावताना? जुलैच्या सभेत तू हात वर केलास तेव्हा मी शेजारी होते. चष्मा लावून शेजारी होते. मी निकाल मोजत होते.

मला ती तारीख माहीत नाही. थोरल्या बहिणीला माहीत नाही. ही माझी तक्रार आहे, आणि ती कोणाच्या नावे करायची ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

ताई


७ सप्टेंबर

प्रिय धाकटे,

वरचा शब्द वाचून रडत बसू नकोस. पुढे कामाचं आहे.

काल मंडळाची सभा झाली. नटबोल्टची शंका अजून शिल्लक होती: मोजताना म्हातारी नवी की जुनी? दोन्ही बाजूंनी पुन्हा आरडाओरडा झाला. मग मी उभी राहिले, पाय आपटून दाखवला आणि म्हटलं, "या गुडघ्यात स्टील बसलंय. लोण्यासारखा वळतो. मला कोणी नवी बाई धरणार आहे का? पेन्शन पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार आहे का? मग म्हातारी जुनीच. कोणाच्याही हिशेबात एक वाढणार नाही." सर्वानुमते मंजूर. जुलैतलं माझं 'मेलेली' हे मत मी मागे घेतलं आहे, सभेपुढे, एका वाक्यात, आणि त्यावर कोणी टाळ्या वाजवलेल्या मला चालल्या नाहीत.

तुझी मुलगी मला चाचणीच्या वेळी घेऊन गेली होती. वाळूच्या गोण्या बसवून गाडी सोडली होती. चढाव तोच आहे. साखळी तीच नाही, पण टकटक ठेवली आहे. तिने मुद्दाम मागून घेतली म्हणे. "आई आणि तू कुरकुर केली असतीत," म्हणाली. तुझी मुलगी हुशार आहे. तिच्या वडिलांसारखी उलटी होते म्हणून स्वतः बसत नाही, एवढंच वैगुण्य.

उतारावर गाडी पूर्वीसारखी खडखडत नाही. पण मी खांबाला हात लावून उभी होते. गाडी वरून गेली तेव्हा तो आतून थरथरला. रूळ गुळगुळीत झाले तरी खांबांना कळतं.

आता रविवार, २७ सप्टेंबर. सकाळी दहाला पहिली गाडी.

पहिल्या ओळीतल्या आपल्या दोन जागा मी त्या 'अरेरे' म्हणणाऱ्या बाईला आणि तिच्या नवऱ्याला दिल्या आहेत. ज्या बाईला मी मेले म्हणून वाईट वाटलं तिला एवढं तरी द्यावं. मी पहिल्या गाडीत बसणार नाही. तुझी सीटही बांधणार नाही, तुझी शाल नाही की रुमाल नाही. जिवंत माणसाचा पट्टा बांधायचा नाही, हा नियम काल मंडळाने केला. मांडणारी मी, अनुमोदन नटबोल्टचं.

पहिली गाडी मी तुझ्याशेजारी खाली बसून बघणार आहे. मेहुण्यांच्या बाकावर. त्यांना सांग, थोडं सरका आणि पिशव्या मांडीवर घ्या. त्या रविवारी तू वळून माझ्याकडे आलीस तेव्हा मला वाटलं होतं की तू तशी थांबशील. तू का थांबली नाहीस ते आता मला माहीत आहे. मी थांबणार आहे. त्यात उपकार नाहीत, बाकावरून चढाव चांगला दिसतो.

दुसऱ्या गाडीत मात्र मी बसेन. मी संत नव्हे. शेजारी नटबोल्ट असेल आणि त्याला हाताबद्दल पूर्वसूचना दिली आहे. माथ्यावर पोचले की मी हात वर करीन. तू खालून बघ आणि उतरल्यावर सांग की दोन्ही केले होते की एकच. नटबोल्टच्या शब्दावर माझा विश्वास नाही.

येताना शाल आण. बाकावरही वारा असतो.

आता उत्तर. येणार की नाही, आणि बाकावर माझ्या डावीकडे बसणार की उजवीकडे, एवढंच लिहायचं आहे. शुक्रवार, १८ सप्टेंबर, संध्याकाळी पाचच्या आत ते माझ्या हातात पडलं पाहिजे. फोन चालणार नाही. मुलीकडून निरोप चालणार नाही. मेहुण्यांना सांगून लिहून घेतलेलं चालणार नाही, त्यांचं अक्षर मी ओळखते. तुझ्या हातचं हवं. अर्धा दिवस लागला तरी लागू दे, कागद फाटला तर दुसरा घे.

अक्षर थरथरलं तरी चालेल. म्हातारीही थरथरायची, आपण तिला कधी सोडलं?

तुझी,
ताई